लोकसभेचं संकेतस्थळ आणि संसद टीव्ही : इंदूरच्या मतदाराला नेमका काय उपयोग?

आधी निकाल. संसद डॉट इन या संकेतस्थळाचा लोकसभेचा भाग प्रश्नोत्तरांसाठी उत्तम आहे, सभागृहातली भाषणं शोधायला जेमतेम आहे, आणि खासदाराचं प्रगतिपुस्तक म्हणून वापरलात तर हमखास फसवतो. संसद टीव्ही अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी 11 ते दुपारी 1 बघण्यासारखा. त्यापुढे बसायचं असेल तर त्या दिवसाची कार्यसूची हाताशी हवी, नाहीतर कशावर काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. दोन्ही सेवा फुकट. मराठीत वाचायला मात्र फारसं काही मिळत नाही, बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजीवर भागवावं लागतं. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदीची अडचण नाही. सरकारी हिंदीची आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

इंदूरला लोकसभा परकी नाही. सुमित्राताई महाजन 1989 पासून सलग आठ वेळा इथून निवडून गेल्या आणि 2014 ते 2019 या काळात सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. पण आपल्याकडे लोकसभेवरची चर्चा निवडणुकीच्या आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 2024 मध्ये इंदूरला 'नोटा'वर 2,18,674 मतं पडली आणि विजयाचं अंतर 11,75,092 होतं, हे राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत कुणीही सांगेल. त्यानंतर आपल्या मतदारसंघाबद्दल सभागृहात काय विचारलं गेलं आणि सरकारनं काय लिहून दिलं, हे विचारा, गप्प बसतात. हे परीक्षण त्या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे.

पहिली चूक मतदारसंघ धरण्यातच होते. इंदूर लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रं येतात: इंदूर 1 ते 5, राऊ, देपालपूर आणि सांवेर. महू इंदूर जिल्ह्यात असलं तरी लोकसभेसाठी धार मतदारसंघात मोडतं. त्यामुळे महूच्या मंडळींनी इंदूरच्या खासदाराचं पान उघडून 'आमच्यासाठी काहीच विचारलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचं पान धारचं.

आता संकेतस्थळ. लोकसभा निवडली की सदस्य, प्रश्न, वाद-विवाद, विधेयकं, समित्या असे विभाग दिसतात. बहुतेक जण सदस्यांच्या फोटोंवर जातात. आमचा सल्ला: थेट प्रश्नांच्या विभागात शिरा. लोकसभेच्या कामातला सर्वांत भरीव, आकड्यांनी भरलेला आणि कमीत कमी वाचला जाणारा माल तिथे आहे.

बैठकीच्या एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत असतात. तारांकितावर मंत्री सभागृहात तोंडी बोलतो आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी पटलावर ठेवलं जातं. 20 पैकी सगळे तासाभरात होत नाहीत. जे उरतात त्यांची उत्तरंही लेखी मानून ठेवली जातात, तेव्हा गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी कागद मिळतोच. टीव्हीवर गोंधळ बघून 'आज काहीच काम झालं नाही' असं म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. त्याच दिवशी अडीचशे उत्तरं संकेतस्थळावर चढलेली असतात. (सप्टेंबर 2020 च्या करोना काळातल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, तेव्हाही अतारांकित प्रश्न चालूच होते.)

शोध कसा घ्यायचा? उदाहरणाला इंदूर-मनमाड लोहमार्ग घेऊ. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजूर केलेला 309 किलोमीटरचा, 18,036 कोटींचा हा मार्ग म्हणजे इथल्या मराठी घरांचा कित्येक वर्षांचा विषय. आधी लोकसभा क्रमांक 18 निवडा, मग मंत्रालय रेल्वे, मग विषयात एकच शब्द टाका: मनमाड, आणि तोही इंग्रजी अक्षरांत. पूर्ण 'इंदूर-मनमाड नवा मार्ग' टाकलात तर शीर्षकात शब्दांचा क्रम वेगळा असल्यामुळे प्रश्न हुकतो. हिंदीत शोधायचं असेल तर 'इंदौर' असंच लिहा. आपलं 'इंदूर' तिथे कुणाला कळत नाही.

आणि खासदाराच्या नावाची चौकट रिकामी ठेवा. हा मुद्दा लोक हटकून चुकवतात. हा मार्ग नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर या सहा जिल्ह्यांतून जातो. मनमाड दिंडोरी मतदारसंघात येतं, शिरपूर नंदुरबारमध्ये, सेंधवा खरगोनमध्ये. भूसंपादनाबद्दल या भागातल्या कुणीही विचारलं तरी उत्तर आपल्याही कामाचं. फक्त इंदूरच्या खासदाराच्या नावानं गाळलंत तर अर्धा माल चाळणीतच राहतो.

उत्तराचा कागद उघडला की वरती मंत्रालयाचं नाव, 'अतारांकित प्रश्न संख्या', तारीख, विषय आणि विचारणाऱ्यांची नावं. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून एका प्रश्नाखाली चार-पाच नावंही असतात. मग 'क्या रेल मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' आणि पुढे (क), (ख), (ग), (घ). खाली उत्तर. इथे पहिली नजर टाकायची ती उत्तराच्या आकड्यांवर नव्हे, कंसांवर. प्रत्येक उपप्रश्नाला वेगळं उत्तर असेल तर मंत्रालयाकडे माहिती आहे आणि द्यायची तयारी आहे. '(क) से (घ)' असं एकत्र गुंडाळलं असेल तर समजावं की चारांपैकी एखाद-दोन प्रश्न त्या गुंडाळीत जिरवले आहेत. ते कोणते, हे वरचा प्रश्न पुन्हा वाचून शोधायचं.

रेल्वेची उत्तरं या कलेत अव्वल. जवळपास प्रत्येक उत्तर याच ओळीनं सुरू होतं, की रेल्वे प्रकल्पांचं सर्वेक्षण, मंजुरी आणि अंमलबजावणी क्षेत्रीय रेल्वेनुसार होते, राज्यवार किंवा जिल्हावार नाही. मग प्रकल्प पूर्ण होणं कशाकशावर अवलंबून आहे याची लांबलचक यादी: राज्य सरकारकडून भूसंपादन, वनखात्याची परवानगी, मार्गात येणाऱ्या वाहिन्या हलवणं, जमिनीची जात, कायदा-सुव्यवस्था, हवामानामुळे वर्षात मिळणारे कामाचे महिने. ही दोन परिच्छेदांची भरती बिनदिक्कत ओलांडा. कामाच्या गोष्टी तीन: किती किलोमीटर सुरू झाले, मार्चअखेर किती खर्च झाला, चालू वर्षासाठी किती तरतूद आहे. तरतुदीचा आकडा रेल्वेच्या 'पिंक बुक'शी, म्हणजे कोणत्या कामाला किती पैसे ठेवले ते दाखवणाऱ्या तिच्या अर्थसंकल्पी पुस्तकाशी, ताडून बघा. इंदूर पश्चिम रेल्वेत आणि मनमाड मध्य रेल्वेत, म्हणून पिंक बुकात एकाच क्षेत्राचा कागद बघून 'तरतूदच नाही' असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहून ठेवू नये. क्रमांक प्रत्येक अधिवेशनात नव्यानं सुरू होतात, म्हणून एकाच क्रमांकाचे अनेक प्रश्न असतात. क्रमांक आणि तारीख दोन्ही टिपा. मंत्रालयांचे वारही ठरलेले असतात. अठराव्या लोकसभेत रेल्वेची उत्तरं बुधवारी, रस्ते वाहतुकीची गुरुवारी, आरोग्याची शुक्रवारी आलेली दिसतात. आपल्या विषयाचा वार कळला की रोज डोकावत बसायला नको.

एक प्रकारचं उत्तर बघून लोक कपाळाला हात लावतात: 'जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी.' आमच्या मते हे सर्वांत आशादायक उत्तरांपैकी एक आहे. असं वाक्य सभागृहात दिलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि सरकारी आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पूर्ततेची मुदत तीन महिने. वाढवून हवी असेल तर मंत्रालयाला समितीकडे मागावी लागते. 'मामला विचाराधीन है' हेसुद्धा आश्वासनांच्या ठरलेल्या शब्दावलीत येतं. ही समिती 1 डिसेंबर 1953 रोजी पहिल्यांदा नेमली गेली, लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात. मावळंकरांचा जन्म बडोद्याचा. आपल्या बाहेरगावच्या मराठी मंडळींत हे सांगायला हरकत नाही. समितीचे अहवाल संकेतस्थळावर समित्यांच्या विभागात आहेत. त्रुटी एवढीच, की मूळ प्रश्नाच्या पानावरून त्याच्या पूर्ततेच्या कागदाकडे जायची वाट नाही. प्रश्न एका खोलीत, पुढची कारवाई दुसऱ्या खोलीत. हा या सेवेतला आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा दोष.

भाषणांचा विभाग त्यामानानं कष्टाचा. वाद-विवादाचा मजकूर बोलला गेला त्या भाषेत असतो, हिंदी भाषण हिंदीत आणि इंग्रजी इंग्रजीत. मध्य प्रदेशचे खासदार सहसा हिंदीत बोलतात, म्हणून इंग्रजी शब्दानं शोधलंत तर त्यांचं बोलणं सापडत नाही. शब्दशोधाच्या नादी लागण्यापेक्षा वर्तमानपत्रातून तारीख काढा आणि त्या दिवसाची पूर्ण फाइल उतरवून घ्या. तिच्यात '... (व्यवधान)' असं पानोपानी दिसेल, तो गोंधळ. कामकाजातून काढलेले शब्द ताऱ्यांनी झाकलेले असतात आणि तळटिपेत तसं नमूद असतं. थेट प्रक्षेपणात ते शब्द ऐकू गेलेले असले तरी अधिकृत कागद तारेच दाखवणार, तेव्हा कुणाला पुरावा म्हणून पाठवायचं असेल तर आधी कागद बघा. जुन्या लोकसभांसाठी संसदेचं वेगळं डिजिटल ग्रंथालय आहे. होमी दाजी 1962 साली इंदूरमधून अपक्ष निवडून आले. त्या तिसऱ्या लोकसभेतलं काही हवं असेल तर तिथे जावं लागतं. जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, हिंदी अक्षरांचा शोध त्यांत बहुधा लागत नाही. लोकसभा क्रमांक आणि तारीख हाच खरा मार्ग.

आता प्रगतिपुस्तकाबद्दल. हजेरी, प्रश्नांची संख्या, चर्चांची संख्या हे आकडे निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ते खरे असतात, पण निष्कर्ष चुकतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपटावर सहीही करत नाहीत. अध्यक्षांचंही तसंच. सुमित्राताईंच्या सोळाव्या लोकसभेच्या नोंदीत प्रश्नांची जागा रिकामी दिसली तर त्याचं कारण त्या सभागृह चालवत होत्या. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे एका प्रश्नाखाली अनेक नावं येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक जमा होतो. उलट, लोकसभेच्या कामकाजाच्या नियम 377 खाली मांडलेला मुद्दा 250 शब्दांत बसवावा लागतो आणि त्यावर मंत्र्याकडून लेखी उत्तर अपेक्षित असतं; स्थानिक कामासाठी हे हत्यार धारदार, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना क्वचितच असतो. संख्या सोडा, शेवटचे दहा प्रश्न उघडून वाचा. त्यांत आपल्या शहराचं नाव किती वेळा येतं आणि उपप्रश्न किती नेमके आहेत, यावरून माणूस कळतो.

'आमच्या खासदारानं कुठल्या बाजूनं मत दिलं' हे शोधणाऱ्यांची तर निराशाच होते. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात, त्यात नावनिशी नोंद राहतच नाही. मतविभागणी मागितली गेली तरच नावं छापली जातात. अपवाद घटनादुरुस्तीचा: तिथे विशेष बहुमत मोजावं लागतं, त्यामुळे विभागणी होतेच. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाचं विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झालं. त्या दिवसाच्या मजकुरात यादी मिळते. बाकी ठिकाणी पक्षादेश असतो आणि 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, तेव्हा नोंद सापडली तरी तिच्यातून व्यक्तीपेक्षा पक्षच जास्त दिसतो.

संसद टीव्ही 15 सप्टेंबर 2021 पासून आहे. आधीच्या लोकसभा आणि राज्यसभा अशा दोन वाहिन्या एकत्र करून ही काढली. अधिवेशनात लोकसभा संसद टीव्ही 1 वर आणि राज्यसभा 2 वर, यूट्यूबवरही. सकाळी 11 ला प्रश्नोत्तराचा तास, 12 ला शून्य प्रहर. शून्य प्रहर जरूर बघा: खासदार मिनिट-दोन मिनिटांत आपल्या गावचा मुद्दा टाकतो, आणि कोण तयारीनं आला आहे ते लगेच उघडं पडतं. चित्रीकरण नीट, आवाज स्वच्छ. गोंधळ झाला की कॅमेरा अध्यक्षांच्या आसनावर खिळतो आणि बघणाऱ्याला नुसता कोलाहल ऐकू येतो. सभागृहात खासदारांना मराठीसकट अनेक भाषांतून भाषांतर कानावर ऐकता येतं, पण प्रश्नोत्तरांसारखी कागदपत्रं बहुतांशी हिंदी-इंग्रजीतच मिळतात.

या सगळ्याचा खरा वापर म्हणजे आपला प्रश्न विचारून घेणं. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि 30 दिवस लागतात; खासदारामार्फत प्रश्न गेला तर पैसे लागत नाहीत आणि उत्तर मंत्र्याच्या नावावर, सार्वजनिक येतं. मसुदा खासदाराच्या कार्यालयात देताना एवढं पाळा. विषय एकच. एकूण 150 शब्दांच्या आत. मत विचारू नका, आकडा, तारीख, कारण विचारा. आणि विषय केंद्राचा हवा: रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, विमानतळ, भविष्यनिर्वाह निधी, टपाल चालेल, नळाचं पाणी, कचरागाडी, पोलीस ठाणं हे राज्याचं किंवा महापालिकेचं, ते गाळलं जातं. सूचना उत्तराच्या दिवसाच्या किमान 15 दिवस आधी पोहोचावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात मसुदा द्या. सूचना गेली तरी यादीत जागा सोडतीवर ठरते. एका खासदाराचे दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रश्न आणि त्यांत तारांकित एकच. तारांकिताचा हट्ट धरू नका. आकडे हवे असतील तर अतारांकित अधिक कामाचा, कारण जोडपत्रात तक्ते येतात.

'(क) इंदूर-मनमाड प्रकल्पाचं काय झालं' असं लिहिलंत तर वरची दोन परिच्छेदांची भरती परत येईल. त्याऐवजी: गावनिहाय किती हेक्टर जमीन लागणार, त्यांतली किती ताब्यात आली, कोणत्या तुकड्यांच्या निविदा निघाल्या, चालू वर्षाच्या तरतुदीपैकी किती खर्च झाला. असे चार सुटे उपप्रश्न '(क) से (घ)' मध्ये गुंडाळणं अवघड जातं.

खासदार दाद देत नसेल तर याचिका समिती आहे. पंधरा सदस्यांची ही समिती, मंत्री तिच्यात नसतो. याचिका लोकसभेला उद्देशून, सही करणाऱ्याचं नाव आणि पत्ता घालून, मागणी शेवटी स्पष्ट मांडून लिहायची. मराठीत लिहिता येते, पण हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही हवी. सभागृहात मांडायची तर कुणातरी सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि तो सदस्य इंदूरचाच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. धुळ्याचा चालतो, नाशिकचाही.